उजवा कौल

"डावी," बाबीकाका गुरव म्हणाले आणि पंच्यानं कपाळ पुसलं.

सातेरीच्या काळ्या पाषाणावर त्यांनी दोन ओल्या कळ्या चिकटवल्या होत्या, एक देवीच्या उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी खाली पडली होती आणि उजवी जागच्या जागी मजेत बसली होती. एवढ्याशा कळीनं माझ्या लग्नाचा निकाल लावला होता.

मी उल्हासकडे बघितलं. म्हटलं, आता हा बोलेल. आता ह्याच्या तोंडाचा पट्टा सुटला की गुरवकाकांना पळायला जागा उरायची नाही. उल्हास राणे म्हणजे आमच्या कॉलेजातला पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, माझा होणारा नवरा, आणि सबंध कोल्हापुरात देवाला त्याच्याइतकं पाणी पाजणारा दुसरा माणूस मी बघितला नव्हता.

तो खाली जमिनीकडे बघत उभा. त्याच्या आई, म्हणजे माई, माझ्या शेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या.

"उल्हास," मी म्हटलं.

"बाहेर जाऊया," तो म्हणाला.

आता जरा मागचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई देव मानत नव्हती तर देवीपुढं मांडी घालून बसली कशाला.

मी तर्कशास्त्र शिकवायची. दर शनिवारी कॉलेज सुटलं की लायब्ररीच्या मागच्या खोलीत आम्ही सात-आठ मास्तर जमायचो. उद्योग एकच. देव आहे म्हणणाऱ्यांचा एकेक मुद्दा घ्यायचा आणि शिवण उसवावी तसा उसवायचा. घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असणार, तसं जग आहे म्हणजे कर्ता असणार, हा एक. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, तेव्हा पहिलं कारण देव, हा दुसरा. मग देवाला कारण का नको, असं विचारलं की समोरचा चहा मागवायचा. एवढे कोट्यवधी लोक मानतात ते काय खुळे, हा तिसरा. आणि ज्याला सगळे शरण जातात तो शेवटचा: मानून ठेवावं, नसला तर तोटा काय, असला तर फायदाच. ह्या शेवटच्यावर उल्हास तुटून पडायचा. "हा भक्त नव्हे, विमा एजंट आहे!" असं तो टेबलावर हात आपटून म्हणायचा, आणि हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी त्याच्या प्रेमात पडले ती त्या टेबलापाशी. माझं वय तिशीच्या पुढं गेलेलं. सांगून आलेली स्थळं मी एकेका वाक्यात परत पाठवलेली. हा पहिला माणूस असा भेटला, ज्याच्याशी बोलताना मला माझं डोकं दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवावं लागत नव्हतं.

नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं ठरलं. भटजी नाही, अक्षता नाहीत. माझे वडील इचलकरंजीचे, यंत्रमाग चालवायचे. मुलीचं लग्न मंगलाष्टकांशिवाय होणार म्हणून दोन दिवस जेवले नाहीत. त्यांच्याशी मी भांडले, रडले, पाया पडले. शेवटी "तुझं सुख ते माझं," म्हणाले बिचारे. रजिस्ट्रारकडे नोटीस दिली. गल्लीत सगळ्यांना कळलं. आणि मग उल्हास एक दिवस म्हणाला, "आईची एकच अट आहे. गावी येऊन देवीचा कौल घ्यायचा."

मी भडकले. तो म्हणाला, "अगं, दोन कळ्या असतात. एक पडते. आई खूश. आपलं काय जातं?"

मी म्हटलं, "आणि डावी पडली तर?"

"पडली तर पडली. आपण कुठं मानतो?"

म्हणून मी वेंगुर्ल्याच्या बाजूच्या त्या गावात गेले. माई मला आवडल्या होत्या, हेही खरं. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा, तोही परगावी, एवढं घर आणि आगर एकटीनं सांभाळायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा लाजतलाजत सांगितलं होतं की मी देव मानत नाही. तर म्हणाल्या, "मानू नको. देव तुका मानता काय ता बघूया." आणि पुढ्यात घावणे ठेवले.

असो. तर आम्ही देवळाबाहेर जांभ्याच्या पायऱ्यांवर आलो.

"आत जाऊन आईंना सांग," मी म्हटलं.

"काय सांगू?"

"काय सांगू काय? हेच, की आपण हे मानत नाही. नोटीस दिलीय, पुढच्या महिन्यात लग्न आहे, आणि कळीला आम्ही विचारलेलं नाही."

"जरा दमानं घे, कुंदा."

"कळी पडली रे! ओलं सुकलं आणि पडली. झाडावरचा नारळ पडला असता तर तू गुरुत्वाकर्षणावर अर्धा तास बोलला असतास."

"मला ते कळत नाही का? मी कुठं मानतोय? पण आईच्या मनाला लागणार. तिचा जीव थोडा थोडा होणार. आपण वर्षभर थांबलो तर काय बिघडतं?"

"वर्षभर?"

"मग परत कौल लावू."

"आणि परत डावी पडली तर?"

तो हळूच म्हणाला, "मानून बघायला तोटा काय आहे?"

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. "परत म्हण."

"कुंदा, प्रत्येक गोष्टीत..."

"नाही, नाही. ते वाक्य परत म्हण. तोटा काय आहे, असं म्हणालास ना? शनिवारी टेबलावर कोण हात आपटायचा? विमा एजंट कोण?"

"ते शनिवारचं होतं," तो म्हणाला. "ही माझी आई आहे."

काय बोलणार ह्यावर! आईचं नाव काढलं की बाईमाणसानं गप्प बसायचं असतं. माझं डोकं असं तापलं होतं की वाटलं, त्या पायरीवर कपाळ आपटून घ्यावं. वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढं आला. त्यांना जाऊन काय सांगू? तात्या, मंगलाष्टकं मी नको म्हटली, पण कळीचं ऐकलं?

मी तशीच पाय आपटत आत गेले. बाबीकाका पूजेचं तबक आवरत होते. माई देवीसमोर बसून होत्या, हनुवटीला हात लावून.

"बाबीकाका, देवीला मी एक प्रश्न विचारू?"

"इचारा मां. तुमचोच प्रश्न आसा."

"लग्नाचं नाही. तिला विचारा, माझे वडील जिवंत आहेत का. उत्तर मला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक असणार. बघू काय सांगते ते. दहादा विचारू. दहाही वेळा बरोबर आलं तर मी मुकाट्यानं घरी जाते."

बाबीकाकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी देवीला वर्गात बाकावर उभं राहायला सांगितलं होतं.

"अशी देवीची परीक्षा घेवची नसता, बाई."

"का नसते? ती खरं सांगते ना?"

"खराच सांगता."

"मग परीक्षेला भ्यायचं काय कारण?"

"देवी नाय भियत. मी भितंय."

"आणि डावी पडली तो योगायोग नाही कशावरून?"

"ता देवीन सांगल्यान ना!"

"आणि तिनं सांगितलं कशावरून?"

"डावी पडली मां!"

हे असं. ह्या वर्तुळातून बाहेर कसं पडायचं, हे मी पोरांना दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायची. तिथं फळा नव्हता आणि बाबीकाकांना परीक्षेला बसायचं नव्हतं. शब्दाला शब्द वाढायला लागला. मी म्हटलं, पाण्याचा थेंब जास्त लागला असेल. ते म्हणाले, थेंब पण तिचोच. मी म्हटलं, वारा. ते म्हणाले, वारो पण तिचोच. भिंतीशी बोललेलं बरं, भिंत निदान वारा तिचाच म्हणत नाही.

"गो बाय," मधेच माई म्हणाल्या, "तू जरा गप रव. तुका देवीकडे इचारूक जमणा नाय. तू भांडतंस. माका इचारूंदे."

आणि त्या पदर खोचून पुढं सरकल्या.

"बाबी, परत लाव."

"माई, एकदा डावी पडली..."

"डावी पडली, ता माका दिसला. पण कित्याक पडली, ता देवीन सांगूक नको? लाव."

बाबीकाकांनी नव्या कळ्या भिजवल्या, चिकटवल्या, हात जोडले. पण गाऱ्हाणं, म्हणजे देवीपुढची विनवणी, त्यांनी सुरू करायच्या आत माईंनीच देवीला गाठलं.

"गो आई सातेरी, मी तुझ्या दारात कधी काय मागूक इलंय? घोव गेलो तेव्हा इलंय? वादळात माड पडले तेव्हा इलंय? आज पयल्यांदा मागतंय. ह्या चेडू माका पसंत आसा. खरा बोलता. तोंडावर बोलता. माझ्या झिलाक अशीच बायल होयी. तुका ती नको, तर कित्याक नको ता सांग. माझ्याकडसून तुझा काय रवला काय? रवला असात तर उजवी दी."

उजवी पडली.

"बघ!" माई माझ्याकडे वळल्या. "माझाच रवला. ओटी! ह्या वर्साची ओटी भरूची रवली. गुडघे दुखत होते म्हणान मी इलंय नाय. तिचो राग माझ्यार आसा, तुझ्यार नाय."

आणि पिशवीतून खण-नारळ काढून त्यांनी तिथल्या तिथं देवीची ओटी भरली. मला हसावं की रडावं कळेना. हे म्हणजे उत्तर हवं तसं येईपर्यंत प्रश्न बदलत राहायचं. वर्गात कुणी असा पेपर लिहिला असता तर मी भोपळा दिला असता. आणि तरी, आता खोटं कशाला बोलू, माझा सगळा जीव त्या पाषाणावरच्या उजव्या बाजूला जाऊन बसला होता. स्वतःचाच राग येत होता. दगडावरच्या कळीकडे मी आशाळभूतासारखी बघत होते.

"आता पयलो प्रश्न," माई म्हणाल्या. "बाबी, नीट गाऱ्हाणा घाल."

बाबीकाकांनी पुन्हा दोन कळ्या भिजवून चिकटवल्या आणि डोळे मिटले. "बा आई सातेरी, राण्यांच्या घरातला लेकरू तुझ्या पायाकडे इला हा. कोल्हापुराकडचा चेडू सून म्हणान घराक आणुचा आसा. रवलेला होता ता तुका पावला. आता तुझ्या मनात बरा असात तर उजवी दी, नसात तर डावी दी. जा काय असात ता सांग गो माये."

उल्हास कधी आत आला होता कोण जाणे. खांबाला टेकून उभा होता.

बराच वेळ काहीच झालं नाही. दोन्ही कळ्या हलेनात. माईंचे ओठ पुटपुटत होते. मग उजवी कळी जराशी घसरली, थांबली, आणि टपकन पडली.

"पडली!" माई ओरडल्या. "पडली गो बाय, उजवी पडली!" आणि त्यांनी मला अशी मिठी मारली की आम्ही दोघी बसल्या जागी कलंडलो. त्या रडत होत्या आणि हसत होत्या. मीपण हसत होते. आनंद झाला होता मला, चांगला गळ्यापर्यंत आनंद. देवीचा आनंद नव्हे. ह्या बाईनं माझ्यासाठी तिच्या देवाशी भांडण काढलं होतं, त्याचा. माझी स्वतःची आई मी लहान असताना गेली. असं माझ्या बाजूनं कुणी पदर खोचून उभं राहिलेलं मी बघितलंच नव्हतं.

हसत हसतच मी उल्हासकडे वळले.

तो हसत नव्हता. जाहीर झालेली सुट्टी रद्द झाल्यावर पोरांचं होतं तसं त्याचं तोंड झालं होतं.

"आई, थांब," तो पुढं येत म्हणाला. "ह्याला काही अर्थ नाही."

"काय?"

"ह्याला अर्थ नाही म्हणतो मी. समई कुठल्या बाजूला आहे बघ. उजव्या. त्या बाजूला ऊब जास्त, पाणी लवकर सुकतं, कळी लवकर सुटते. दुसरं म्हणजे, बाबीकाकांनी ह्या वेळी उजवीला पाणी कमी लावलं, मी बघितलं. आणि तिसरं म्हणजे, सारखं सारखं विचारत बसल्यावर कधी ना कधी उजवी पडणारच. ह्यात देवीचा काय संबंध? नाणं हवं तसं पडेपर्यंत उडवायचं आणि मग म्हणायचं कौल मिळाला!"

"मेल्या, देवीसमोर काय बोलतंस!" माईंनी गालांवर हात मारून घेतले.

आणि मी? सांगायला लाज वाटते, पण पहिल्या क्षणी मला अभिमानच वाटला. सवय! काय मुद्देसूद बोलतो म्हणून मी मान डोलवायला लागलेसुद्धा. त्यातलं अक्षर अन् अक्षर बरोबर होतं. समई उजव्या बाजूलाच होती. पाणी कमी लागलंही असेल. सारखं विचारल्यावर एकदा उजवी पडणार, हे तर मीच मघापासून मनात म्हणत होते.

मग माझी मान डोलता डोलता थांबली.

"उल्हास," मी म्हटलं, "डावी पडली तेव्हा समई कुठं होती?"

"म्हणजे?"

"तेव्हाही उजवीकडेच होती ना? ऊब उजवीकडे असून डावी पडली. मग तेव्हा का नाही बोललास?"

त्यानं नजर समईकडे वळवली.

"पाणी तेव्हा बघितलं नाहीस. आत्ता बरं बघितलंस."

"कुंदा, बाहेर चल."

"काय झाला?" माई विचारत होत्या. "काय बोलतत ही दोघा? बाबी, काय झाला?"

मी बाहेर आले. उन्हं चढली होती, पायऱ्या तापल्या होत्या. त्याला मी बोलू दिलं नाही. "तुला लग्न करायचं नाहीये," मी म्हटलं.

"तसं नाही."

"मग कसं?"

"मला तू आवडतेस. शनिवारी तर तुझ्याइतकं कुणीच..." तो अडखळला. रुमालानं मान पुसली. "पण रोज घरात, कुंदा! रोज सकाळी उठून. मी पावसाबद्दल एक वाक्य बोललो तरी तू विचारशील, कशावरून. माणसाला घरात एक वाक्य सुखानं बोलता आलं पाहिजे की नाही? नोटीस दिली त्या दिवसापासून मला झोप नाही."

"मग सांगायचंस ना! तोंड नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तू कारण विचारलं असतंस."

"विचारणारच!"

"आणि माझं एकही कारण तू टिकू दिलं नसतंस," तो म्हणाला. "देवीला कुणी कारण विचारत नाही. म्हटलं, डावी पडली तर बरं होईल. कुणी कुणाला बोल लावणार नाही."

तुम्हाला सांगते, त्याला खाली ढकलून द्यावं असं वाटलं मला. लग्न मोडलं म्हणून नव्हे. नको तर नको म्हण की बाबा, तुझ्यावाचून माझं अडलं नव्हतं. पण वर्षानुवर्षं माझ्या शेजारी बसून ज्यानं देवाची सालटी काढली, त्यानं स्वतःला साधं 'नको' म्हणायची वेळ आल्यावर त्याच देवाच्या पदराआड जाऊन लपावं? आणि देवीनं चुकून होकार दिला, तर लगेच विज्ञान आठवावं? बाबीकाका परवडले. ते निदान दोन्ही कळ्यांना देवीच्याच म्हणत होते.

"माझ्या वडिलांना काय सांगू?" मी विचारलं. "गल्लीत काय तोंड दाखवू? त्या माणसानं माझ्यासाठी मंगलाष्टकांवर पाणी सोडलं, उल्हास."

तो पायाच्या अंगठ्यानं पायरी उकरत होता. जांभा तो, उकरून काय होणार होतं! "आईला काही बोलू नकोस," एवढंच म्हणाला. "मी सांगेन तिला, सावकाशीनं. तिला माझ्याशिवाय कोण आहे?"

हे बाकी खरं होतं, म्हणून आणखी चिडचिड झाली.

मी माईंच्या घरी गेले, बॅग घेतली आणि एसटीच्या थांब्याकडे चालायला लागले. थांबा म्हणजे वडाखालचा एक कट्टा. उल्हास मागं आला नाही. माई आल्या. तशाच, अनवाणी, दुखऱ्या गुडघ्यांनी जवळजवळ धावत.

"खय चल्लंस गो? जेवूक नाय काय?"

"गाडी आहे, माई."

"गाडी सांजवेळाक पण आसा. मी खीर घालतंय. उजवी पडली, आणि तू बॅग घेवन खय चल्लंस?"

मी कट्ट्यावर बसले. त्या माझ्या शेजारी टेकल्या. त्यांना धाप लागली होती.

"माई, मला हे लग्न करायचं नाही."

त्या म्हणाल्या, "माझो झील काय बोललो?"

जिभेवर आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. एका वाक्यात सांगितलं असतं, तर त्या घरी जाऊन त्याला असा धुतला असता की जन्मभर आठवला असता. आणि मग? मग ती संध्याकाळ, ते घर, आणि त्या घरात ती दोघंच. मला कोल्हापूरला जायचं होतं. त्यांना त्याच्याचबरोबर म्हातारं व्हायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "तो काही बोलला नाही. मीच. मी देव मानत नाही, माई. ज्या लग्नाला देवीची परवानगी लागते, ते मला नको."

"तू मानत नाय, ता माका पयल्या दिवसापासून ठावक आसा. मी तुका कधी काय बोललंय?"

"नाही."

"ओटी भर म्हणान सांगलंय? हात जोड म्हणान सांगलंय?"

"नाही, माई."

"मगे?"

तर्कशास्त्राची प्राध्यापिका मी, आणि जे कारण पुढं केलं होतं ते एका 'मगे'पुढं टिकलं नाही. टिकणार कसं? ते खरंच नव्हतं. लांबून गाडीचा आवाज यायला लागला.

"मगे एकच सांग," माई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "पयली डावी पडली. मी तिचा रवलेला दिलंय, आणि तिनं उजवी दिल्यान. तू तिका मानत नाय, आणि तरी तिनं तुका उजवी दिल्यान. कित्याक दिल्यान?"

उत्तर काय कठीण होतं? समईच्या उबेनं दिल्यान. पाणी कमी लागलं म्हणून दिल्यान. तुम्ही हट्टानं परत परत विचारलंत म्हणून दिल्यान, माई. पण ही सगळी उत्तरं त्यांनी तासाभरापूर्वी आपल्या मुलाच्या तोंडून ऐकली होती. त्यातलं एकही मी बोलले असते, तर तो कौल त्यानं का मोडून काढला, हे पुढं सांगावंच लागलं असतं. त्या बाईनं विचारल्याशिवाय सोडलं नसतं. देवीला सोडलं नव्हतं, मला काय सोडणार!

गाडी येऊन उभी राहिली. कंडक्टर ओरडला. मी चढले, खिडकीपाशी बसले. माई खिडकीखाली येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी गजाला धरलं.

"सांगूक जमणा नाय मां तुका?"

"नाही, माई."

"एवढी शिकलंस, आणि सांगूक जमणा नाय." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मगे देव आसा, बाय. इतक्या तरी म्हण."

ज्याचं उत्तर येत नाही ते देवाच्या नावावर टाकायचं, ह्या चुकीवर माझा सबंध एक तास असायचा, दरवर्षी. उदाहरणांसकट. कंडक्टरनं घंटी मारली. माईंनी गज सोडला नाही.

"आहे," मी म्हटलं.

त्यांनी गज सोडला आणि गाडी सुटली.